तुम्ही विचारलंत म्हणून: "बाई, लॅपटॉपवर कोणतं बायबल टाकू?"

रविवारची उपासना संपली की आवारात चहा असतो, आणि चहाच्या रांगेत हा प्रश्न हमखास येतो. मी शाळेत गणित शिकवायचे, संडेस्कूल अजून घेते, आणि आमच्या मंडळीत पहिला कॉम्प्युटर आमच्या घरी आला होता. एवढ्या भांडवलावर मला या विषयातली जाणकार ठरवलं गेलंय. उभ्या उभ्या, हातात कप धरून, मी दरवेळी अर्धंमुर्धं काहीतरी सांगते. गेल्या रविवारी तिघांनी विचारलं. त्यातला एक तरुण सुवार्तिक तर वहीच काढून उभा राहिला. म्हणून आता बसून लिहिते.

माझा उलट प्रश्न आधी. तुम्ही घरी टेबलावर कोणतं बायबल उघडता? या प्रश्नावर लोक गडबडतात, कारण त्यांनी कुठूनतरी ऐकलेलं असतं की अमुक सॉफ्टवेअरमध्ये दोनशे पुस्तकं फुकट मिळतात. मिळतात, खरं आहे. पण ती का फुकट आहेत ते बघा. मॅथ्यू हेन्री या जुन्या इंग्रज धर्मोपदेशकाचं बायबलवरचं भाष्य सगळीकडे मिळतं. हेन्री वारला 1714 मध्ये. हक्क संपले, म्हणून फुकट. माणूस मोठा होता, त्याचं भाष्य मीही वाचते. पण ज्याला रोजचं इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना धाप लागते, त्यानं तीनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी कॉम्प्युटरवर भरून ठेवायचं कशाला? मराठीत प्रार्थना करणाऱ्या माणसानं सॉफ्टवेअर निवडताना मराठीपासून सुरुवात करावी. त्यात मराठी मजकूर येतो का, आला तर नीट शोधता येतो का, ते आधी. भाष्यं नंतर.

घाई असलेल्यांसाठी नावं सांगून टाकते. जुना विंडोज लॅपटॉप असेल, नेट येऊन-जाऊन असेल, तर 'ई-स्वोर्ड' किंवा 'द वर्ड'. दोन्ही विंडोजवर फुकट, दोन्ही हलकी, दोन्ही नेटशिवाय चालणारी. ई-स्वोर्ड रिक मेयर्स नावाच्या माणसानं 2000 मध्ये आणलं; मॅक आणि आयपॅडवर मात्र त्याचे पैसे पडतात. द वर्ड पेनड्राइव्हवरसुद्धा बसवता येतं, म्हणजे ज्या पाळकांना तीन गावं आणि तीन वेगवेगळे कॉम्प्युटर आहेत त्यांची सोय. एक सावधगिरी: दुकानात जाऊन "वर्ड टाकून द्या" म्हणू नका. आमच्या एका वडीलजनांना त्या वाक्यावर पत्रं टाइप करायचं वर्ड मिळालं होतं, आणि ते आठवडाभर त्यात बायबलचं पहिलं पुस्तक, 'उत्पत्ती', शोधत होते. लिनक्स असेल तर 'झायफॉस'. कुठलाही कॉम्प्युटर असो, बायबलच्या मूळ ग्रीक-हिब्रूत डोकावायचंय पण डोक्याला ताप नको, तर केंब्रिजच्या टिंडेल हाउस या बायबल-संशोधन संस्थेचं 'स्टेप बायबल': नेटवरही चालतं आणि उतरवून घेऊन नेटशिवायही.

'लोगोस' आणि 'अकॉर्डन्स' ही विकतच्या बायबल-सॉफ्टवेअरची मोठी दुकानं. सेमिनरीत शिकवत असाल, आणि पुस्तकांवर दरवर्षी खर्च होतच असेल, तर जरूर घ्या. लोगोसनं 2024 मध्ये वर्गणीची पद्धत आणली आहे, हे लक्षात ठेवून घ्या. कॅथलिक वाचकांसाठी लोगोसवाल्यांचंच 'व्हर्बम' आहे. वसईच्या माझ्या मैत्रिणीला मी तेच सांगितलं, कारण आमच्या प्रोटेस्टंट बायबलच्या 66 पुस्तकांवर बेतलेल्या फुकट प्रोग्रॅममध्ये तिची 73 पुस्तकं शोधत बसणं म्हणजे तिच्यावर अन्याय.

आता मराठी मजकूर. आपल्या बहुतेकांच्या घरी असतं ते बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र'. त्याचे हक्क सोसायटीकडे आहेत. कुणीतरी कुठूनतरी उचलून बनवलेली फाइल व्हॉट्सअॅपवर फिरत असली तरी मी ती कुणाला देत नाही, मागू नका. 'इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन' नावाचं मराठी भाषांतर मात्र क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मोकळ्या परवान्याखाली आहे आणि 'ईबायबल डॉट ऑर्ग'वरून रीतसर उतरवता येतं. भाषा कानाला परकी वाटत नाही. झायफॉसमध्ये ते तयार घटक म्हणून बसतं.

द वर्डमध्ये मी ते हातानं बसवलं, आणि ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याची बायबलची फाइल म्हणजे साधा मजकूर. एका ओळीवर एक वचन. वचनांचे आकडे त्यात लिहायचेच नसतात. प्रोग्रॅम नुसत्या ओळी मोजतो. पहिली ओळ उत्पत्ती 1:1, आणि 31102वी ओळ प्रकटीकरण 22:21. जुन्या कराराच्या 23145, नव्याच्या 7957. गणिताच्या बाईला याहून सुंदर काय हवं! मी दोन रात्री बसून मजकूर साफ केला, फाइल आत टाकली, आणि हौसेनं योहान 3:16 उघडलं. समोर पंधरावं वचन. सतरा उघडलं तर सोळावं. नव्या कराराचं पहिलं पुस्तक मत्तय, त्याचा पहिला अध्याय उघडला तर सुरुवातीलाच जुन्या करारातल्या शेवटच्या पुस्तकाचा, मलाखीचा शेवट! म्हणजे घोळ जुन्या करारात कुठेतरी होता. मग अर्ध्यात बघायचं, पुन्हा अर्ध्यात बघायचं, असं करत मी स्तोत्रसंहितेपर्यंत पोचले. माझ्याच हातून एका वचनाच्या मध्ये एंटर दाबला गेला होता. एक ओळ फुटली आणि तिथून पुढचं अख्खं शास्त्र एक-एक पायरी खाली घसरलं. तेव्हा कुणी बनवलेली मराठी फाइल घेतलीत तर आधी तीन ठिकाणं तपासा: जुन्या कराराचं मधलं एखादं वचन, मत्तयाचं पहिलं, आणि प्रकटीकरणाचं शेवटचं. तिन्ही जागेवर असतील तर बहुतेक सगळं जागेवर आहे.

आणि आता शोध. इंग्रजी वाचणाऱ्यांच्या सल्ल्यात ही गोष्ट कधी येत नाही, कारण त्यांना तिची झळ लागत नाही. संडेस्कूलसाठी मला एकदा 'विहिरीकाठच्या भेटी' असा पाठ करायचा होता: रिबेका, राहेल, मोशे, शोमरोनी स्त्री. मी 'विहीर' टाइप केलं आणि मोजकीच वचनं आली. कारण मराठीत माणसं 'विहीर' पाशी भेटतच नाहीत, 'विहिरीजवळ' भेटतात. विभक्ती लागली की दीर्घ 'ही'चा ऱ्हस्व 'हि' होतो, आणि कॉम्प्युटरच्या दृष्टीनं तो वेगळाच शब्द. 'विहिर' असा चुकीचा लिहून शोधला, तेव्हा सगळ्या भेटी सापडल्या. शाळेत ज्या चुकीला मराठीच्या बाई लाल शाई लावायच्या, ती इथे उपयोगी पडते. तसंच 'पाणी' शोधलंत तर 'पाण्यात', 'पाण्यावरून' निसटतात, 'पाण' शोधा. 'मेंढरू' नको, 'मेंढर' टाका. 'मेंढ' टाकलंत तर मेंढपाळ आणि मेंढवाडाही येतील, योहानाच्या दहाव्या अध्यायासाठी तेच बरं. यासाठी प्रोग्रॅममध्ये शब्दाचा भाग शोधायची सोय हवी. फक्त पूर्ण शब्द जुळवणारं सॉफ्टवेअर मराठीला कुचकामी, मग त्यात पुस्तकं कितीही असोत.

याहून चकवणारी भानगड 'दुसऱ्या'मधल्या त्या आडव्या र-ची. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक खालच्या टिंबाचा ऱ वापरून, आणि दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण फाइल एका पद्धतीची आणि तुमचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा असला, तर "दुसऱ्या दिवशी" हे शब्द संपूर्ण शास्त्रात नाहीत असं कॉम्प्युटर शांतपणे सांगतो. मी आधी फाइलला दोष दिला, मग कीबोर्डला, मग डोळ्यांना. उपाय साधा आहे. एखाद्या वचनातून तो शब्द कॉपी करा आणि शोधाच्या चौकटीत चिकटवा. सापडला, तर भानगड हीच. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी मी त्यात दोन शब्द शोधून बघते, 'विहिर' आणि 'दुसऱ्या'. जुनं भाषांतर असेल तर तिसरी अडचण: 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या छपाईत 'नाहीं', 'येशूनें' असे अनुस्वार आणि 'प्रीति' असा ऱ्हस्व शेवट. पंडिता रमाबाईंचं केडगावचं बायबल त्या काळातलं. त्या 1922 मध्ये गेल्या, छपाई पुरी झाली 1924 मध्ये. मूळ हिब्रू-ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत ते करायचा त्यांचा ध्यास होता. ते वाचायला घ्या. शोधायला घेतलंत तर अनुस्वारांचं भान ठेवा.

"ग्रीकचं काय?" असं सुवार्तिकांनी विचारलं होतं. बहुतेक प्रोग्रॅममध्ये इंग्रजी किंग जेम्स भाषांतराच्या शब्दांना आकडे जोडलेले असतात. जेम्स स्ट्राँग यांनी 1890 मध्ये छापलेल्या शब्दसूचीतले ते आकडे. हिब्रूचे 8674 पर्यंत, ग्रीकचे 5624 पर्यंत. आकड्यावर बोट ठेवलं की मूळ शब्द आणि त्याचा अर्थ दिसतो. डावीकडे मराठी, उजवीकडे हे आकड्यांचं इंग्रजी, दोन्ही बरोबर सरकतील असं लावून ठेवा. मग योहान 21:15 ते 17 उघडा. येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर तुझं प्रेम आहे का? इंग्रजीत तीनही वेळा प्रश्नात आणि उत्तरात एकच शब्द. आकडे बघितले तर पहिल्या दोन प्रश्नांत 25, म्हणजे 'अगापाओ', आणि पेत्राच्या उत्तरांत 5368, म्हणजे 'फिलेओ'. तिसऱ्या प्रश्नात येशू पेत्राचाच शब्द घेतो. आता टेबलावरचं छापील बायबल उघडा. आपल्या 'पवित्र शास्त्रा'त येशू "प्रीती करतोस काय?" विचारतो आणि पेत्र "प्रेम करतो" म्हणतो, तिसऱ्यांदा प्रश्नातही 'प्रेम' येतं. लहानपणापासून ते वचन मला पाठ आहे, आणि दोन शब्द का आहेत हे मी पन्नाशीपर्यंत कधी विचारलं नव्हतं. इंग्रजीत जे सपाट झालं ते आपल्या भाषांतरकारांनी सांभाळलं होतं. त्या दोन शब्दांत खरंच किती अंतर आहे यावर विद्वानांचं एकमत नाही, योहान शब्दांची अदलाबदल सहजही करतो. तेव्हा आकडा सापडला म्हणून व्यासपीठावरून "मूळ ग्रीकमध्ये याचा अर्थ असा" असं गरजू नका. शब्दकोशातले सात अर्थ म्हणजे सातही त्या वचनात आहेत असं नव्हे. हा दोष सॉफ्टवेअर आल्यापासून वाढलाय असं माझं मत, आणि आमच्या पाळकसाहेबांनी हे वाचलं तरी ते मी मागे घेणार नाही.

शेवटची गोष्ट तुमच्या टिपणांची. माझे वडील पाळक होते. त्यांची टिपणं जाड वह्यांत आहेत. वाळवी लागली नाही तोवर मी ती उघडून वाचू शकते. माझी स्वतःची सहा वर्षांची टिपणं एका प्रोग्रॅममध्ये होती. कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला, त्यांनी सगळं पुसून नवं घातलं, आणि टिपणांची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये होती हे मला तेव्हा कळलं. 'बायबलवर्क्स' हे विद्वानांचं लाडकं सॉफ्टवेअर 1992 पासून चाललं आणि 2018 च्या जूनमध्ये कंपनीच बंद झाली. म्हणून मी आता टिपणं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिते, वर वचनाचा संदर्भ टाकते, आणि महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर घेते. प्रोग्रॅममध्येच लिहायचं असेल तर पहिल्याच दिवशी ती फाइल शोधून ठेवा आणि टिपणं बाहेर काढता येतात का ते करून बघा.

वहीवाल्या सुवार्तिकांना: तुमचा लॅपटॉप विंडोजचा आहे, गावात दुपारी वीज जाते, आणि तुम्ही इंग्रजी अडखळत वाचता असं तुम्हीच म्हणालात. तुम्हाला द वर्ड, त्यात मोकळ्या परवान्याचं मराठी, शेजारी आकड्यांचं किंग जेम्स. बस. भाष्य एकही नको, सहा महिन्यांनी बघू. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन या, मी फाइल देते. कोरा आणा. मागच्या वेळी एकानं आणला त्यात दोन सिनेमे आणि एक व्हायरस होता.