डेटाबेसचा आयपी आणि १९२.१६८.१ चा हट्ट : माझा अनुभव

प्रायव्हेट क्लाउडमध्ये डेटाबेस सर्व्हर घेणार असाल, तर सर्व्हर उभा राहायच्या आधी एक गोष्ट लेखी ठरवून घ्या : त्याला आतला आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) कुठल्या रेंजमधला, म्हणजे कुठल्या पट्ट्यातला, मिळणार. आम्ही हे लेखी मागितलं होतं. तरी दिलं नाही, आणि ऐन हंगामात आमचे वजनकाटे त्यापायी अडले. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कॉम्प्युटरचं काम बघते. वडनेर, गिरड, मांडगाव अशा गावांमध्ये आमची कापूस खरेदीची केंद्रं आहेत. गाडी काट्यावर चढते, भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, भाव सगळं नोंदलं जातं आणि काटापट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते. त्याच पट्टीवर पुढे चुकारा होतो. हा हिशेब केंद्राकेंद्राच्या कॉम्प्युटरवर विखुरलेला होता. तो एका जागी आणायला नागपूरच्या एका कंपनीकडून क्लाउड घेतला : एक अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचे दोन, एक मुख्य, एक रेप्लिका (मुख्यची प्रत ठेवणारा). करार, पैसे, जुना डेटा चढवणं हे सगळं सुरळीत पार पडलं.

अडलं ते फॉर्मवर. सर्व्हर मागणीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये 'नेटवर्क' असा रकाना होता आणि त्यात १९२.१६८.१.०/२४, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते, आधीच भरलेलं होतं. रकाना राखाडी, त्यात कर्सर जातच नव्हता. मी खाली शेऱ्यात स्पष्ट लिहिलं की आमच्या प्रत्येक केंद्राचा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे, तेव्हा सर्व्हरला ही रेंज देऊ नका, १० ने सुरू होणारी द्या. फोनवरही सांगितलं. "मॅडम, स्टँडर्ड नेटवर्क हेच आहे, सगळ्यांना हेच देतो," असं उत्तर आलं आणि मुख्य डेटाबेसला मिळाला १९२.१६८.१.२०.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खाजगी वापरासाठी तीन रेंज राखून ठेवल्या आहेत आणि ते फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहिलेलं आहे : १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. पहिल्यात १ कोटी ६७ लाखांवर पत्ते आहेत, शेवटच्यात फक्त ६५,५३६. बाजारातले बहुतेक घरगुती राउटर त्या शेवटच्या रेंजमधले, १९२.१६८.०ने किंवा १९२.१६८.१ने सुरू होणारे पत्तेच घेऊन येतात. म्हणजे सगळ्यात लहान रेंजच्या एका कोपऱ्यात सगळ्यात जास्त गर्दी. एवढी मोठी १० ची रेंज मोकळी असताना क्लाउडवाल्यांनी ग्राहकाला त्याच कोपऱ्यात का बसवावं, हे मला आजही पटत नाही.

सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) झाली, वेचणीचा कापूस यायला लागला आणि वडनेरच्या केंद्रावर नवीन प्रोग्राम सुरू केला. क्लाउडवाल्यांनी दिलेला व्हीपीएन (इंटरनेटवरून त्यांच्या नेटवर्कात जाणारी खाजगी वाट) जोडला, हिरवा दिवा आला, पण प्रोग्राम डेटाबेसला जोडला जाईना. काट्यावरच्या भाऊंचा फोन : "ताई, गाड्यायची लाइन रोडपर्यंत गेली, पट्टी काऊन नाही निंगून राह्यली?" त्यांना पावतीपुस्तक काढून हाताने पट्ट्या फाडायला लावल्या आणि मी क्लाउडवाल्यांकडे तिकीट, म्हणजे ऑनलाइन तक्रार, टाकलं.

तिकिटावर उत्तर आलं : केंद्रावरून डेटाबेसला पिंग करून बघा (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते तपासा). केलं. पिंग आलं. मग त्यांचं म्हणणं, पिंग येतंय म्हणजे नेटवर्क बरोबर आहे, तुमचा प्रोग्राम तपासा. तिकीट बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. एकदा त्यांनी रात्री उशिरा प्रश्न विचारला आणि सकाळी 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही' असा शेरा मारून तिकीट आपोआप मिटलं. दरम्यान काट्यावर हाताने पट्ट्या फाडणं चालूच होतं आणि संध्याकाळी त्या सगळ्या मी परत कॉम्प्युटरवर चढवत होते.

मला त्या पिंगचाच संशय आला. उत्तर एका मिलीसेकंदाच्याही आत येत होतं. आमच्या गावातल्या इंटरनेटवरून नागपूरला जाऊन काहीही इतक्या लवकर परत येत नाही. म्हणून केंद्रावर जाऊन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी -ए' दिलं, कुठला आयपी कुठल्या यंत्राचा ते दाखवणारी कमांड. १९२.१६८.१.२० च्या पुढे एक मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, आला. दूरच्या सर्व्हरचा मॅक अ‍ॅड्रेस या यादीत येऊच शकत नाही, तिथे फक्त त्याच तारेवरची यंत्रं दिसतात. मग केंद्रातली एकेक वस्तू उलटी करून खालचं स्टिकर वाचलं. प्रिंटर नाही, काट्याचा इंडिकेटर नाही. कपाटावरचा सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) उतरवला, सरकीची धूळ पुसली, आणि स्टिकरवर तोच मॅक अ‍ॅड्रेस, अक्षर न अक्षर. आमच्या पिंगला उत्तर देत होता तो कॅमेऱ्याचा डबा. ५४३२ पोर्टवर, म्हणजे पोस्टग्रेसच्या दारावर, मागणी गेली की तोच ती नाकारत होता. डेटाबेसपर्यंत आमचं एकही पॅकेट पोचलेलं नव्हतं.

कॉम्प्युटरचा यात दोष नाही. स्वतःचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर त्या रेंजमधलं सगळं तो आपल्याच तारेवर शोधतो, व्हीपीएनकडे वळतच नाही. एकाच गावात दोन शेतांना एकच गट नंबर दिला तर तलाठी काय करील, तशातलाच हा प्रकार.

मी एआरपीच्या यादीचा आणि डीव्हीआरच्या स्टिकरचा असे दोन फोटो शेजारीशेजारी लावून तिकिटावर टाकले. आता तरी रेंज बदलून मिळेल असं वाटलं होतं. पण हेल्पडेस्कने रेंज सोडून बाकी सगळं सुचवलं.

पहिली सूचना, व्हीपीएनच्या वाटेला प्राधान्य द्या. दिलं. डेटाबेस जोडला गेला आणि काटापट्टीचा प्रिंटर मेला, कारण तोही १९२.१६८.१ मध्येच. वजन नोंदलं जातंय पण पट्टी छापत नाही, हे काट्यावर काय कामाचं?

दुसरी सूचना, सगळ्या केंद्रांचे राउटर बदला. प्रत्येक केंद्रात प्रिंटर, डीव्हीआर, काटा यांचे पत्ते हाताने पक्के केलेले आहेत. ते सगळे ऐन गर्दीत बदलायचे, आणि पुढच्या वर्षी नवीन गावात केंद्र उघडलं की तिथला राउटर पुन्हा १९२.१६८.१.१ घेऊनच येणार.

तिसरी सूचना ऐकून मात्र माझा आवाज चढला. डेटाबेसला फ्लोटिंग आयपी, म्हणजे बाहेरचा पब्लिक पत्ता, देतो आणि ५४३२ उघडून देतो म्हणाले. या डेटाबेसमध्ये शेतकऱ्यांचे सातबारे आहेत, बँक खाती आहेत. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. "फक्त तुमच्याच पत्त्यांना परवानगी देऊ," हा त्यांचा तोडगाही आमच्याकडे चालणारा नाही. आमची बरीच केंद्रं मोबाइलच्या डोंगलवर चालतात. डोंगलला मिळणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला, म्हणजे कंपनीने शेकडो ग्राहकांत मिळून वापरायला ठेवलेल्या जागेतला (ही जागा २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखली गेली). बाहेर जो पत्ता दिसतो तो आमच्यासोबत कितीतरी अनोळखी लोकांचा असतो आणि बदलतही राहतो. त्याला परवानगी देणं म्हणजे त्या सगळ्यांना देणं.

त्यातच हेल्पडेस्कच्या एकाने तो फ्लोटिंग आयपी पोस्टग्रेसच्या 'लिसन अ‍ॅड्रेसेस' (कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ती सेटिंग) मध्ये लिहायला सांगितला. असं केलं तर पोस्टग्रेस त्या पत्त्यावर ऐकूच शकत नाही, मागितलेला पत्ता लावता येत नाही असं सांगतो. ओपनस्टॅक या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या क्लाउडमध्ये फ्लोटिंग आयपी सर्व्हरच्या कार्डावर नसतोच, तो राउटरवर असतो आणि राउटर तो आतल्या पत्त्याकडे वळवतो. सर्व्हरला स्वतःचा म्हणून फक्त आतला पत्ता माहीत असतो. तुमच्या सर्व्हरवर 'आयपी अ‍ॅडर' कमांड देऊन जो दिसतो, तोच पोस्टग्रेसमध्ये लिहायचा. हे मी सांगायचं आणि क्लाउड विकणाऱ्यांनी ऐकायचं, अशी उलटी परिस्थिती होती.

शेवटी 'नेटवर्क बदल विनंती' नावाचा वेगळा फॉर्म असल्याचं कळलं. तोपर्यंत कुणी त्याचं नावही काढलं नव्हतं. कंपनीच्या लेटरहेडवर, संचालकाची सही, शिक्का आणि 'व्यावसायिक कारण'. आमचे संचालक शेतकरी आहेत, ते त्या वेळी शेतात वेचणीवर होते. बांधावर जाऊन सही घेतली, स्कॅन करून पाठवलं. मग पुन्हा शांतता. रोज फोन, रोज 'प्रोसेसमध्ये आहे'. मी हेल्पडेस्कचा नाद सोडला आणि नेटवर्कच्या माणसाशी बोलल्याशिवाय फोन ठेवणार नाही असं सांगून अडून बसले. लाइनवर आलेल्या इंजिनिअरने डीव्हीआरचा फोटो बघितला आणि लगेच म्हणाला, "हे तर सरळ ओव्हरलॅप आहे, दोन्हीकडे एकच रेंज. आधीच का नाही सांगितलं?" आधीच सांगितलेल्याची तारीख मी त्यांना वाचून दाखवली. फोनवर असतानाच त्यांनी नवीन सबनेट, म्हणजे वेगळ्या रेंजचा पत्त्यांचा गट, बनवून दिला. एवढं सोपं काम होतं ते.

ज्यांची अशी अडचण असेल त्यांनी सरळ नेटवर्क इंजिनिअरला गाठा, आणि वर्णन लिहीत बसण्यापेक्षा मॅक अ‍ॅड्रेसचा फोटो पाठवा. त्या फोटोपुढे 'तुमचा प्रोग्राम तपासा' हे चालत नाही.

आता आम्ही काय ठरवलं ते. बनलेल्या सबनेटची रेंज ओपनस्टॅकमध्ये बदलता येत नाही, नवीनच करावा लागतो. म्हणून सर्व्हरना दुसरं नेटवर्क कार्ड जोडून घेतलं, रात्री काटे बंद झाल्यावर सगळं त्यावर हलवलं आणि नीट चाललं तेव्हा जुनं कार्ड काढलं. आमच्यासाठी १०.४७.०.०/१६ घेतलं. मधला ४७ मुद्दाम, कारण १०.०, १०.१ सगळेच घेतात आणि १०.८.० हा ओपनव्हीपीएन या व्हीपीएन प्रोग्रामच्या नमुना फाइलमध्येच असतो. अ‍ॅप्लिकेशन १०.४७.१० मध्ये, डेटाबेस १०.४७.२० मध्ये : शेवटचा आकडा मुख्यला ११, रेप्लिकाला १२, आणि १० हा दोघांत फिरणारा सामाईक पत्ता. मुख्य सर्व्हर पडला तर रेप्लिका तो उचलते. यासाठी क्लाउडवाल्यांना 'अलाउड अ‍ॅड्रेस पेअर्स' (कार्डाला जास्तीचा पत्ता वापरायची परवानगी) लावायला सांगावं लागतं, नाहीतर त्या कार्डाला न दिलेल्या पत्त्यावरून निघालेली पॅकेट ओपनस्टॅक टाकून देतो आणि आपण कीपअलाइव्हडीची, म्हणजे सामाईक पत्ता फिरवणाऱ्या प्रोग्रामची, फाइल तपासत बसतो.

केंद्रांच्या राउटरला हात लावला नाही. काट्याच्या प्रत्येक कॉम्प्युटरला व्हीपीएनचा स्वतःचा पत्ता १०.४७.२०० मधून दिला. डेटाबेसला तोच दिसतो, त्यामुळे 'पीजी एचबीए' (डेटाबेसला कुणी जोडायचं ते ठरवणाऱ्या) फाइलमध्ये केंद्रांसाठी एकच ओळ पुरली. ती फाइल बदलल्यावर नुसतं रीलोड चालतं, पण 'लिसन अ‍ॅड्रेसेस' बदलला तर पोस्टग्रेस रीस्टार्टच करावा लागतो. काटा चालू असताना हे करू नका. आणि त्या फाइलमध्ये वरून जी ओळ पहिली जुळते तीच लागू होते, तेव्हा ढिली ओळ वर ठेवू नका.

सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर १७२.१७ टाळा, तो डॉकर स्वतःच घेतो. लिनक्सवर व्हर्च्युअल मशिन चालवत असाल तर १९२.१६८.१२२ तसाच आधी घेतलेला असू शकतो. प्रोग्राममध्ये आयपी न लिहिता नाव लिहा. आम्ही अ‍ॅप्लिकेशनमध्ये नाव वापरलं होतं, म्हणून ते हलवायला काहीच लागलं नाही. काट्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये मात्र पत्ताच लिहावा लागतो, तिथे केंद्राकेंद्राला जाऊन बदलला. पब्लिक क्लाउड घेत असाल तर अ‍ॅमेझॉनवर प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते ते स्वतःकडे ठेवतात, त्यामुळे /२८ चा लहान सबनेट घेतला तर १६ पैकी ११ च हाती येतात. डेटाबेससाठी /२४ घ्या, खाजगी पत्त्यांना पैसे पडत नाहीत.

यंदा करार वाढवताना आम्ही एक ओळ घालून घेतली : सबनेटची रेंज करारातच लिहिलेली राहील आणि आमच्या लेखी संमतीशिवाय बदलणार नाही. त्यांच्या फॉर्ममधला तो राखाडी रकाना मात्र अजून तसाच आहे. तुम्ही नवीन ग्राहक असाल तर फॉर्म भरायच्या आधी फोन करून सबनेट बनवून घ्या, मगच सर्व्हर मागा.