"काकू, कोरोना संपला की आता!"

मुंबई विमानतळावर लंडनच्या विमानासाठी रांगेत उभी असताना मागच्या तरुणाने माझ्या एन-९५ मास्ककडे पाहून हे म्हटले. त्याच्या बोलण्यात खवचटपणा अजिबात नव्हता आणि बहुधा म्हणूनच ते वाक्य दिवसभर मनातून जाईना.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले ते आणीबाणी संपल्याचे. विषाणू संपल्याचे नव्हे. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर मी दर बारा तासांनी टॅक्रोलिमस घेते, आणि शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून हे औषध माझी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवते.

पर्समध्ये चार घड्या घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी होती. कोविड झालाच तर त्यावरचे पॅक्सलोविड हे औषध परस्पर सुरू करू नये, कारण त्यातील रिटोनाविरमुळे टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढते, असे तीत लिहिले होते आणि "परस्पर" या शब्दाखाली पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या.

विमानातले हवा गाळणारे हेपा फिल्टर उत्तम असतात हे मला ठाऊक आहे. पण शेजाऱ्याचा खोकला फिल्टरच्या आधी माझ्यापर्यंत पोहोचतो, त्याचे काय? आजूबाजूच्यांची जेवणे आटोपेपर्यंत मी थांबले आणि मग मास्क उतरवून गार झालेला उपमा घाईघाईने खाल्ला.

त्या मुलाला मी फक्त "हो रे" म्हणाले. खरे उत्तर द्यायचे तर रांगेतल्या अनोळखी माणसाला सगळे आजारपण सांगावे लागले असते.

तुम्ही अशा वेळी काय सांगता?