धार लावण्याचे ठोकळे

लेथवर लाकूड कातायला शिकत होतो त्या काळात मी हत्यारांना धार हातानेच लावत असे. बेंच ग्राइंडरच्या, म्हणजे विजेवर फिरणाऱ्या धारेच्या चाकाच्या टेकूवर गाऊज (पन्हळीच्या आकाराचे कातायचे हत्यार) ठेवायचे, मनगटाने फिरवायचे आणि ठिणग्या उडाल्या की काम झाले असे मानायचे. काही महिन्यांतच वाडगे कातायचे माझे बाउल गाऊज बोटाच्या एका पेराने आखूड झाले आणि त्याच्या उतारावर, म्हणजे धारेमागच्या तिरप्या भागावर पाच-सहा वेगवेगळे पैलू पडले. पैलू हिऱ्याला शोभतात. गाऊजच्या बाबतीत त्यांचा अर्थ एवढाच होतो की, प्रत्येक वेळी मी चाकासमोर वेगळ्या कोनात उभा राहिलो होतो.

याचा खरा तोटा पोलाद वाया जाण्यात नाही. कातताना आपण आधी उतार लाकडावर टेकवतो आणि मग मूठ हळूहळू वर उचलत धार लाकडात उतरवतो, म्हणजे मूठ कोठे धरायची हे उताराचा कोन ठरवतो. आज ४५ अंश, परवा ५५ अंश असा तो बदलत राहिला, तर हाताला बसू पाहणारी सवय प्रत्येक धारेनंतर मोडते आणि नवशिक्याला वाटते की आपला हातच वाईट आहे. हत्यार ठरावीक कोनात चाकावर धरणारी जिग घेतल्यावर माझी धार आधीपेक्षा फार तीक्ष्ण झाली असे मी म्हणणार नाही. ती दर वेळी तीच येऊ लागली, आणि माझ्या दृष्टीने जिगचा उपयोग हाच आहे.

जिगची रचना साधी आहे. ग्राइंडरच्या तळाखालून एक दांडा पुढे सरकतो व त्याच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असते. गाऊज एका पकडीत आवळले जाते, त्या पकडीला तिरपा पाय असतो, आणि पायाचे टोक खाचेत टेकवून गाऊज डावी-उजवीकडे झुलवले की टोकापासून दोन्ही पंखांपर्यंतचा (पंख म्हणजे धारेच्या दोन बाजू) उतार एकाच ओघात घासला जातो. कोन तीन गोष्टींवर ठरतो: गाऊज पकडीच्या बाहेर किती आले आहे, पाय किती तिरपा आहे आणि खाच चाकापासून किती दूर आहे. पायाचा तिरपेपणा मी एकदा ठरवला आणि तो स्क्रू पुन्हा सैल केला नाही. उरलेल्या दोन मापांसाठी लाकडाचे दोन ठोकळे केले. पहिल्यात ४५ मिलिमीटर खोल कोनाडा आहे. गाऊजचे टोक त्याच्या तळाला टेकवायचे, पकड त्याच्या कडेला भिडवायची आणि आवळायची. दुसरा ठोकळा चाकाचा पृष्ठभाग आणि खाच यांच्यामध्ये धरून दांडा पक्का करायचा.

दुसरा ठोकळा करण्याची बुद्धी मला उशिरा झाली. सुरुवातीला मी दांड्यावरच पेन्सिलीची रेघ मारून ठेवली होती आणि कित्येक महिने निर्धास्तपणे त्या रेघेवर दांडा आवळत होतो. पण दगडी चाक झिजते. २०० मिलिमीटरचे चाक १८० वर येते तेव्हा रेघ जागच्या जागी असते, चाकाचा पृष्ठभाग मात्र १० मिलिमीटर मागे गेलेला असतो; हत्याराचे टोक चाकावर खाली उतरते आणि कोन कित्येक अंशांनी बोथट होतो. खाचेचे अंतर चाकाच्या पृष्ठभागापासून मोजले, तर हाच फरक जवळजवळ नाहीसा होतो. तोवर माझे गाऊज नकळत बोथट कोनाचे होत गेले होते आणि खोल वाडग्याच्या भिंतीवर ते पूर्वीसारखे का चालत नाही, याचे कारण मी लाकडात शोधत होतो.

जिगमध्ये हत्यार बसवल्यावर मी लगेच मोटर सुरू करत नाही. काळ्या मार्करने सगळा उतार रंगवतो, पाय खाचेत ठेवतो, गाऊज चाकावर टेकवतो आणि चाक हाताने अर्धा फेरा फिरवतो. मग हत्यार उजेडाकडे धरून पाहायचे. काळ्या रंगात चमकदार ओरखड्याची एक पट्टी उमटलेली दिसते. ती टाचेपासून (उताराची मागची कड) धारेपर्यंत सलग असेल तर जुळणी बरोबर आहे. फक्त टाच चमकत असेल आणि धारेलगत काळी रेघ उरली असेल तर दांडा किंचित बाहेर ओढायचा. उलट धारच चमकत असेल आणि टाच काळी राहिली असेल तर दांडा किंचित आत सरकवायचा. येथे किंचित म्हणजे एखादा मिलिमीटर. या तपासणीला अर्धे मिनिट लागते आणि ती केल्यावर प्रत्यक्ष घासायला चार-पाच सेकंद पुरतात, कारण काढायचे असते ते केवळ धारेवरचे बोथट झालेले पोलाद. धार लावण्यात इतके थोडे पोलाद जाते हे कळल्यावर माणूस ती वरचेवर लावू लागतो. मी आता एका वाडग्यात तीन-चार वेळा ग्राइंडरकडे जातो, आणि शेवटच्या हलक्या कापाआधी तर हमखास.

गोल चाकावर घासलेला उतार थोडा खोलगट होतो, याची काही जणांना उगीचच चिंता वाटते. २०० मिलिमीटर व्यासाच्या चाकावर १२ मिलिमीटर रुंद उतार घासला तर मधली खोली ०.१८ मिलिमीटर भरते. १५० मिलिमीटरच्या चाकावर ती ०.२४ होते. कातताना हा फरक हाताला जाणवत नाही.

पोलादाचे पाणी उतरण्याची, म्हणजे तापून त्याचा कठीणपणा जाण्याची भीती मात्र पूर्णपणे निराधार नाही, फक्त ती कोणत्या हत्याराला लागू आहे हे पाहावे लागते. जुनी हत्यारे कार्बन स्टीलची असत. ती २२०-२३० अंश सेल्सिअसच्या आसपास फिकट पिवळी पडतात आणि ३०० च्या आसपास निळी होतात. निळा डाग दिसला की तेवढ्या भागाचे पाणी गेले, आणि तो भाग घासून टाकण्यावाचून इलाज नाही. अशी हत्यारे घासताना शेजारी पाण्याचे भांडे हवेच. आज कातकामासाठी मिळणारी बहुतेक चांगली हत्यारे हायस्पीड स्टीलची असतात आणि त्यांचा कठीणपणा ५०० अंशांच्या पुढेही टिकतो. त्यांच्यावर निळसर छटा आली तरी धार बिघडत नाही. उलट अशी तापलेली धार एकदम पाण्यात बुडवली तर तिच्यात बारीक चिरा पडू शकतात. मी ती हवेतच निवू देतो.

चाकाविषयी थोडक्यात. ग्राइंडरसोबत येणारे करडे चाक या कामासाठी फार कठीण असते. त्याचे बोथट कण गळून पडत नाहीत, पृष्ठभाग चकाकू लागतो आणि ते कापण्याऐवजी हत्यार तापवत बसते. पांढरे ॲल्युमिनिअम ऑक्साइडचे चाक अधिक ठिसूळ बांधणीचे असल्याने सतत नवे कण उघडे करते. नेहमीच्या धारेला मी ८० ग्रिटचे चाक वापरतो (ग्रिट हे कणांच्या बारीकपणाचे माप) आणि डायमंड ड्रेसरने पृष्ठभाग वेळोवेळी सपाट करतो. मिनिटाला २,८५० फेऱ्यांच्या ग्राइंडरवर २०० मिलिमीटरच्या चाकाची कडा सेकंदाला सुमारे ३० मीटर धावते, तर १,४५० फेऱ्यांवर सुमारे १५ मीटर. हातून चूक झालीच तर दुसऱ्या यंत्रावर ती निम्म्या वेगाने घडते, म्हणून शिकणाऱ्याने तेच घ्यावे. सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड या अतिकठीण पदार्थाच्या कणांची) चाके महाग पडतात, पण ती झिजत नाहीत म्हटले तरी चालेल, त्यामुळे वर सांगितलेली व्यासाची भानगडच राहत नाही. हिरा याहून कठीण असला तरी तापलेल्या पोलादाशी त्याच्यातील कार्बनची प्रक्रिया होते. सीबीएनचे तसे होत नाही. मात्र या चाकांवर मऊ लोखंड घासू नये, त्यांच्या कणांमधल्या जागा भरून जातात.

नवे दगडी चाक बसवण्यापूर्वी ते बोटावर लोंबकळत ठेवून लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. खणखणीत आवाज आला तर चाक धड आहे. बद्द आवाज आला तर आत चीर असण्याचा संभव आहे आणि ते फेकून द्यावे. टेकू चाकापासून ३ मिलिमीटरहून दूर नसावा, चाकाच्या बाजूच्या सपाट पृष्ठभागावर घासू नये, आणि चाक सुरू करताना त्याच्या समोर न उभे राहता बाजूला उभे राहावे. चष्मा तर हवाच.

जिग हाती आल्यावरही एक गोष्ट आपल्यालाच सांभाळावी लागते. जिग कोन राखते, आकार राखत नाही. मागे ओढलेल्या पंखांचे गाऊज झुलवताना टोक आणि पंख यांच्या सांध्यावर हात रेंगाळला तर तेथे खळगा पडतो. घाईने पुढे गेलो तर पंखावर उंचवटा उरतो. बाजूने पाहिल्यास पंखाची कड सरळ किंवा किंचित फुगीर दिसायला हवी. माझ्या हातून खळगाच अधिक वेळा पडला, कारण टोकाकडून वळताना मी नकळत थांबत असे. आता मी आधी दोन्ही पंख घासतो, टोक शेवटी, आणि दाब असा देतच नाही. हत्याराच्या वजनाने जेवढे घासले जाईल तेवढेच.

स्क्रेपर (खरवडायचे हत्यार) आणि पार्टिंग टूल (लाकूड कापून वेगळे करायचे अरुंद हत्यार) यांना ही झुलती पकड लागत नाही, सपाट टेकूवर त्यांचे काम होते. स्क्रेपरचा कोन मी ७५ अंशांच्या आसपास ठेवतो आणि चाकावरून उठलेली बर (धारेवरची बारीक वळलेली कड) तशीच राहू देतो, कारण कापते तीच. स्क्यू (तिरप्या धारेची पटाशी) मी जिगवर दोन्ही बाजूंनी घासून नंतर डायमंडच्या पट्टीवर हातानेच परजतो. त्याच्यासाठी आता तिसरा ठोकळा झाला आहे. तिन्ही ठोकळ्यांवर कोणते हत्यार आणि किती मिलिमीटर हे लिहून ते ग्राइंडरच्या बुडाशी खिळ्याला टांगले आहेत. त्यांतल्या एकावरचे माप मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले आहे.