दुसऱ्या नंबरची पायरी

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात नातेवाइकांकडे उतरलं की आपलं वेळापत्रक आपल्या हातात राहत नाही. गोल्डन गेट पूल झाला (धुक्यात, म्हणजे खांबांचे बुंधे तेवढे पाहिले), लिव्हरमोरचं देऊळ झालं, नापाच्या वाइन-बागांतून डोकं धरून परत आले, आणि कॉस्टको नावाच्या अवाढव्य दुकानात देवळापेक्षा जास्त वेळ गेला. पाहुणचाराबद्दल तक्रार नाही. माझा मामेभाऊ मंदार आणि सायली सकाळी पोहे की उपमा असं विचारतात आणि शेवटी दोन्ही करतात. पण सनीव्हेलमध्ये गाडी न चालवणारा पाहुणा म्हणजे घरातली कुंडी. उचलून ठेवतील तिथे बसायचं.

"मला सॅन होजेच्या विद्यापीठात जायचंय," असं मी म्हटलं तेव्हा मंदार हसलाच. "ताई, सॅन होजेत काय बघणार? आम्ही तिथे फक्त एअरपोर्टला जातो." एक पुतळा बघायचाय म्हटल्यावर तर त्याला माझी काळजीच वाटायला लागली. शेवटी त्याची लेक इरा बरोबर यायला तयार झाली. ती अकरावीत आहे, शाळेकडून दोनशे मीटर पळते, आणि तिलाही तो पुतळा माहीत नव्हता. घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर!

लाइट रेलने गेलो. ही गाडी इतकी रमतगमत जाते की डाउनटाऊनमध्ये सायकलवाले तिला मागे टाकतात. मला ते आवडलं. पंधरवड्यात पहिल्यांदाच माणसं बघायला मिळत होती, नाहीतर नुसत्या गाड्यांच्या काचा.

विद्यापीठाचं आवार देखणं आहे. वेलींनी मढलेला जुना टॉवर हॉल, ताडाची झाडं, हिरवळ. आणि त्या हिरवळीवर अचानक ते दोघं. साधारण २२ फूट उंच, गडद निळे ट्रॅकसूट, खाली घातलेल्या माना, हवेत दोन काळ्या मुठी. टॉमी स्मिथची उजवी, जॉन कार्लोसची डावी. फोटोत हा पुतळा गुळगुळीत वाटतो. जवळ गेल्यावर कळतं की तो सगळा सिरॅमिक फरश्यांच्या बारीक तुकड्यांचा आहे. गुडघ्याशी तुकडे लहान होत जातात, ट्रॅकसूटच्या बाजूने लाल-पांढरी पट्टी उतरते, आणि खाली पायांत बूट नाहीत, नुसते काळे मोजे. बूट मागच्या बाजूला ठेवलेले आहेत. रिगो २३ नावाच्या कलाकाराचं हे काम, २००५ सालचं. मागणी विद्यार्थ्यांनी लावून धरली होती, विद्यापीठाला स्वतःहून सुचलेलं नाही.

आणि विजेत्यांच्या चौथऱ्यावरची दुसऱ्या नंबरची पायरी रिकामी.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि त्यातला तिसरा माणूस कुणालाच आठवत नसतो. १६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको सिटीचं ऑलिंपिक, पुरुषांची दोनशे मीटर. स्मिथ पहिला, १९.८३ सेकंद, विश्वविक्रम. कार्लोस तिसरा. दोघंही याच विद्यापीठाचे धावपटू. मधे घुसला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन, २०.०६. पदकं घ्यायला जाताना दोघांनी बूट काढले, कृष्णवर्णीयांच्या गरिबीची खूण म्हणून. कार्लोसच्या गळ्यातले मणी झुंडीने मारून टाकलेल्या माणसांसाठी होते. राष्ट्रगीताच्या वेळी वर्णभेदाच्या निषेधार्थ मूठ उंचावायची होती, पण त्यासाठीचे काळे हातमोजे मात्र तो खेळाडूंच्या वसाहतीतच विसरला होता. स्मिथची जोडी दोघांत वाटून घ्या, हे नॉर्मनने सुचवलं असं सांगतात. नॉर्मन गोरा, व्यवसायाने पीटीचा मास्तर, साल्व्हेशन आर्मीच्या घरात वाढलेला. त्याने त्या दोघांसारखाच मानवी हक्कांच्या चळवळीचा बिल्ला मागितला. तो मिळाला अमेरिकेच्या नौकानयन संघातल्या पॉल हॉफमनकडून, आणि तोही गोराच. तो बिल्ला छातीवर लावून नॉर्मन उभा राहिला. बाकी काही केलं नाही. हात सरळ खाली.

हे मी इराला सांगत असतानाच एक कॅम्पस टूर आली. वाटाड्या पोरगा उलटा चालत बोलत होता. पुतळ्यापाशी दीड-दोन मिनिटं थांबून तो पुढच्या इमारतीकडे सरकला, आणि मग फोटोंची रांग लागली. प्रत्येक जण नॉर्मनच्या पायरीवर चढायचा आणि मूठ वर करायचा. हसत. एक जण तर उडी मारून.

रांगेत एक मराठी कुटुंबही निघालं. मुलगा असेल आठ-नऊ वर्षांचा. बाबा खालून ओरडत होते, "अरे मूठ वळ नीट! हात ताठ!" पोराला काही जमत नव्हतं. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, त्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाने हात वर केला नव्हता. बाबा म्हणाले, "असं होय? मग काय केलं होतं?" मी म्हटलं, काहीच नाही, नुसता उभा राहिला. "मग त्याचा फोटो कसला काढायचा?" ते म्हणाले, आणि पोराला पुन्हा मूठ वळायला लावली.

खरं तर ती पायरी रिकामी ठेवा असं नॉर्मननेच सांगितलं होतं. येणाऱ्या कुणालाही तिथे चढता यावं, म्हणून. तसं तिथे लिहिलेलंही आहे. तेव्हा चढणाऱ्यांवर चिडायचा मला काही अधिकार नाही, हे मला कळतं. तरी मी चिडले. ज्याने हात न उचलता एवढं ओढवून घेतलं त्याच्या जागेवर उभं राहून हात उचलायचा, आणि त्यात ओढवून घ्यायचं काहीच नाही!

गर्दी ओसरल्यावर मीही चढले. समोर बघत उभं राहिलं की ते दोघं दिसतच नाहीत. नॉर्मनलाही दिसले नव्हते. झेंड्याकडे वळल्यावर तो पुढे होता आणि ते त्याच्या पाठीमागे. प्रेक्षकांत कुणीतरी अमेरिकेचं राष्ट्रगीत गात होतं, तो आवाज मधेच विरला, तेव्हा त्याला कळलं की ठरल्याप्रमाणे झालंय.

पुढचं सगळं इराला नवीन होतं, आणि ती संतापत गेली तसतशी मला मजा वाटत गेली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज. खेळात राजकारण आणलं म्हणून या दोघांना हाकला, नाहीतर अमेरिकेचा सगळा ॲथलेटिक्स संघ घरी पाठवतो, असा त्याचा पवित्रा. दोघांना संघातून काढलं, मेक्सिको सोडायला लावलं. (पदकं काढून घेतली ही मात्र अफवा आहे, पदकं त्यांच्याकडेच राहिली.) हाच ब्रंडेज १९३६ साली अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचा प्रमुख होता. बर्लिनमध्ये विजेते नाझी सलाम ठोकत होते, त्याला त्याची हरकत नव्हती. आणि मेक्सिकोत स्पर्धा सुरू व्हायच्या १० दिवस आधी, त्लातेलोल्कोच्या चौकात लष्कराने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्यानेही स्पर्धेचं पावित्र्य भंगलं नाही. भंगलं ते दोन हातमोज्यांनी. शिकागोच्या एका तरुण वार्ताहराने, ब्रेंट मसबर्गरने, उलट या दोघांनाच काळ्या कातडीचे नाझी ठरवलं. पुढे तो टीव्हीवरचा नावाजलेला क्रीडा समालोचक झाला.

याची सुरुवातही याच आवारातली. हॅरी एडवर्ड्स इथे समाजशास्त्र शिकवायचे. १९६७ साली त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी विचारलं, की विद्यापीठासाठी पळणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना विद्यापीठाजवळ भाड्याने खोली का मिळत नाही? त्यावरून मोसमातला पहिला फुटबॉल सामना रद्द करावा लागला. तेव्हा कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. एडवर्ड्स शिकवायच्या लायकीचा नाही, असं ते जाहीरपणे म्हणाले. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट क्लार्क मात्र एडवर्ड्सच्याच नाही, वर्षभराने स्मिथ-कार्लोसच्याही पाठीशी उभे राहिले. पुतळ्याजवळच्या इमारतीला त्यांचं नाव आहे.

खोली न मिळण्याचं ऐकून इरा म्हणाली, "आत्या, हे केवढं भयंकर होतं ना तेव्हा." मी गप्प बसले. पुण्या-मुंबईत आडनाव विचारून, मासे खाता का विचारून खोली नाकारतात, हे तिला सांगायला हवं होतं. तिच्या आजोबांचीच सोसायटी आहे तशी.

परतीच्या वाटेवर गाडी सांता क्लाराच्या लिव्हाइज स्टेडियमपाशी आली. इराने बोट दाखवलं, "हे मला माहितीये! केपर्निक!" ऑगस्ट २०१६ मध्ये याच मैदानावर फोर्टीनाइनर्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (डाव चालवणारा खेळाडू) कॉलिन केपर्निक राष्ट्रगीताला बसून राहिलेला लोकांच्या लक्षात आला. पोलिसांच्या हातून मरणाऱ्या कृष्णवर्णीयांसाठी. मग लष्करात राहिलेल्या नेट बॉयर या माजी खेळाडूशी बोलून त्याने बसण्याऐवजी गुडघा टेकायचं ठरवलं, कारण गेलेल्या साथीदारासमोर सैनिकही गुडघा टेकतात. एवढा विचार करून केलेली गोष्ट, तीही देशद्रोह ठरली. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी अलाबामातल्या सभेत अशा खेळाडूंना शिवी हासडून संघमालकांना सांगितलं, हाकला त्यांना. पुढच्याच महिन्यात उपाध्यक्ष पेन्स इंडियानापोलिसला सामना बघायला गेले आणि फोर्टीनाइनर्सचे खेळाडू गुडघ्यावर बसलेले पाहून उठून आले. केपर्निकला तोवर कुठल्याच संघाने घेतलं नव्हतं. पुढेही घेतलं नाही.

घरी जेवताना इराने बापाला सगळं ऐकवलं. मंदार फुटबॉलचा पक्का. "तो बसला त्या वर्षी टीमने दोन मॅच जिंकल्या होत्या, दोन! चांगला खेळत असता तर कुणी सोडलं असतं का?" मग ते वाक्य आलंच, ज्याची मी आमटी वाढल्यापासून वाट बघत होते. "खेळात राजकारण कशाला?"

मी म्हटलं, राजकारण आधीपासून ताटात वाढलेलं असतं, खेळाडू फक्त नको म्हणतो. आपल्याच पुण्यात दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू विकेटी काढून द्यायचे आणि चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. १९२० साली बाळूंना वगळलं, कप्तानपद पुन्हा जात बघून दिलं, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम हिंदू संघातून (तेव्हा संघ धर्मावरून असत) बाजूला झाले. तेव्हाही लोक हेच म्हणाले असतील. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले.

"आणि दुबई?" इरा म्हणाली. तिला हे कुठून माहीत कोण जाणे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी आपला अख्खा संघ गुडघ्यावर बसला होता, वर्णभेदाच्या निषेधार्थ. सामना हरलो, आणि लगेच मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या सुरू झाल्या. कोहलीने त्याची बाजू घेतली, तर त्यालाही ऐकावं लागलं. मंदारला ती मॅच चेंडू न् चेंडू आठवत होती. गुडघा आठवत नव्हता.

नॉर्मनचं काय झालं, हे त्याने विचारलं मात्र. १९७२ च्या म्युनिकला ऑस्ट्रेलियाने त्याला नेलं नाही. ती शिक्षा नव्हती असं तिथली ऑलिंपिक समिती म्हणत आली; संसदेने मात्र २०१२ साली त्याची माफी मागितली. तो २००६ मध्येच गेला होता. शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस मेलबर्नला गेले होते. त्याचा २०.०६ चा ऑस्ट्रेलियन विक्रम तब्बल ५६ वर्षं टिकला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तो मोडला गाउट गाउट या मुलाने, जो तेव्हा इराच्याच वयाचा होता. त्याचे आईबाप दक्षिण सुदानमधून आलेले.

मंदारने भाताचा घास तसाच ठेवला. "खरं सांगू का ताई, ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मी ऑफिसच्या कॅफेटेरियातल्या मेन्यूवरसुद्धा मत देत नाही." त्याची ती रांग किती लांब आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे मी आग्रह केला नाही.

"मी देऊ शकते," इरा म्हणाली. तिचा जन्म इथलाच.

"दे की," मंदार म्हणाला. "पण कॉलेजचे अर्ज भरून झाल्यावर."