संपर्काचा दिवस आणि त्यानंतरचं वर्ष

जून २०१५ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात किम हिल आणि रॉबर्ट वॉकर या दोन अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांचं एक टिपण आलं आणि ॲमेझॉनच्या आदिवासींमध्ये काम करणाऱ्यांत खडाजंगी सुरू झाली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. बाहेरच्या जगाशी संबंध न ठेवणाऱ्या जमातींना आहे तसं राहू द्यायचं, हे धोरण ऐकायला बरं वाटतं. पण लाकूडतोडे, सोनं शोधणारे, कोकेनचे तस्कर आज ना उद्या त्यांच्यापर्यंत पोहोचणारच. असा अपघाती संपर्क सगळ्यात जीवघेणा असतो, तेव्हा सरकारनेच डॉक्टर, दुभाषे आणि पूर्ण तयारीनिशी पुढाकार घ्यावा. आदिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'सर्व्हायव्हल इंटरनॅशनल'सारख्या संघटनांनी त्यावर सडकून टीका केली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धोक्याचं त्यांचं निदान बरोबर आहे, उपाय मला पटत नाही. त्याचं कारण तत्त्वापेक्षा व्यवहारात जास्त आहे, म्हणून इथे व्यवहाराबद्दलच लिहितो.

ब्राझीलने संपर्काचा प्रयोग जवळजवळ ऐंशी वर्षं केला. १९१० मध्ये कांदिदो रोंदोन या लष्करी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने आदिवासी संरक्षण सेवा स्थापन झाली. 'वेळ आली तर मरू, पण मारणार नाही' हा रोंदोन यांचा दंडक होता आणि त्यांच्या माणसांनी तो खरोखर पाळला. पद्धत ठरलेली होती. जमातीच्या वाटेवर एक झोपडी उभारायची, दोरीवर पातेली, सुरे, कुऱ्हाडी टांगायच्या आणि वाट बघायची. वस्तू उचलल्या गेल्या की पुन्हा टांगायच्या. असं महिनोन् महिने चालायचं आणि एक दिवस समोरासमोर भेट व्हायची. भेट बहुतेकदा शांततेत होई. मरण त्यानंतर यायचं.

पनारा जमातीचं उदाहरण यात सगळ्यात जास्त सांगितलं जातं आणि ते सांगायलाच हवं. कुइयाबा ते सांतारेम हा महामार्ग त्यांच्या मुलखातून जाणार होता, म्हणून १९७३ मध्ये विलास-बोआस बंधूंनी त्यांच्याशी संपर्क साधला. देशातले सर्वात अनुभवी आणि सर्वात सद्हेतूचे लोक हेच. १९७५ च्या सुरुवातीला उरलेल्या पनारांना विमानाने शिंगू या आदिवासींसाठी राखलेल्या उद्यानात हलवलं, तेव्हा ते फक्त ७९ होते. ब्राझीलच्या पश्चिम टोकाला असलेल्या जावारी खोऱ्यातल्या मातिस जमातीशी फुनाईचा (१९६७ मध्ये जुन्या सेवेच्या जागी आलेली आदिवासी संस्था) संपर्क १९७६ च्या सुमारास झाला आणि १९८३ मध्ये ८७ मातिस उरले होते. या अनुभवातून फुनाईच्याच सिडनी पोसुएलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये धोरण उलटं फिरवलं: जमात कुठे आहे ते दुरून निश्चित करायचं, तिची जमीन राखायची आणि तिने स्वतः पाऊल उचलल्याशिवाय जवळ जायचं नाही.

हे लोक इतक्या पटापट का मरतात, याचं उत्तर बहुतेक लेखांत 'प्रतिकारशक्ती नसते' एवढ्यावर संपतं. ते अर्धंच उत्तर आहे. वॉकर, हिल आणि सहकाऱ्यांनी १८७५ ते २००८ मधल्या ११७ साथींच्या नोंदी तपासल्या. ५९ समाजांत मिळून ११ हजारांहून जास्त मृत्यू, आणि त्यांतले बहुतेक गोवर, फ्लू आणि मलेरियाचे. शहरात फ्लू आला की घरातली आजी, एखादा शेजारी, कुणीतरी आधीच्या वर्षांत मिळालेल्या प्रतिकारशक्तीच्या शिदोरीवर उभं असतं. पन्नास जणांच्या टोळीत तसं कुणीच नसतं. दोन-तीन दिवसांत सगळे एकदम आडवे होतात. शिकारीला जाणारा नाही, पाणी आणणारा नाही, चूल पेटत नाही, आईला ताप असल्याने बाळाला दूध मिळत नाही. विषाणूने अशक्त झालेल्या छातीत मग जिवाणूंचा न्यूमोनिया शिरतो आणि बऱ्याच जणांचा जीव तोच घेतो. त्यात घाबरून काही जण जंगलात दुसऱ्या टोळीकडे पळतात आणि आजार तिथेही पोहोचतो.

म्हणजे अनेक मृत्यू पाणी, पेज, पॅरासिटामॉल आणि वेळेवर दिलेल्या अँटिबायोटिकने टळू शकतात. हिल आणि वॉकर यांचा सगळा आशावाद या एका गोष्टीवर उभा आहे, आणि ती गोष्ट खरी आहे. पण ते वेळेवर पोहोचवायला काय लागतं ते बघा.

पथकातला प्रत्येक माणूस, स्वयंपाकी आणि नावाडी धरून, पूर्ण लसीकरण झालेला हवा. मग विलगीकरण. फ्लूची लक्षणं एक ते चार दिवसांत दिसतात, पण गोवराला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून दोन आठवड्यांपेक्षा कमी चालत नाही. सगळ्यांची मलेरियासाठी रक्ततपासणी लागते, कारण लक्षणं नसलेला माणूसही जंतू बाळगून असतो आणि डास तिथे आहेतच. हे सगळं नीट पार पडलं तरी खरी फट पुढे पडते, ती रसदीच्या बोटीत. दर पंधरा दिवसांनी तांदूळ आणि डिझेल घेऊन येणारा नावाडी कालपर्यंत नदीकाठच्या बाजारात फिरत असतो. माल दूर काठावर उतरवून त्याने परत फिरायचं, हा नियम पहिला महिना पाळला जातो. तिसऱ्या महिन्यात तो चहाला थांबतो.

लस दिली की झालं, असंही नाही. फ्लूच्या लशीला काम सुरू करायला साधारण दोन आठवडे लागतात. ज्यांच्या शरीराने हा विषाणू कधीच पाहिलेला नाही, अशा मुलांना चार आठवड्यांच्या अंतराने दुसरा डोस लागतो. गोवराची लस जिवंत विषाणूची, म्हणून गरोदर बाईला देता येत नाही. ती घेतल्यावर आठवड्याभराने काहींना ताप आणि पुरळ येतं. आता ज्याने आयुष्यात सुई पाहिली नाही त्याला परक्याने टोचलं आणि आठ दिवसांनी त्याचं मूल तापाने फणफणलं, तर तो काय समजेल? भाषा जाणणारा माणूस पहिल्या दिवसापासून शेजारी बसलेला नसेल तर सगळं तिथेच मोडतं. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते आणि बोट गाळात रुतली की बर्फ वितळायला लागतो.

२०१४ च्या जूनमध्ये ब्राझीलच्या आक्रे राज्यातल्या एन्वीरा नदीवर हे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसलं. पेरूच्या सीमेजवळ अशानिंका लोकांच्या सिम्पाचिया वस्तीत जंगलातली काही तरुण माणसं आली. चित्रफीत उपलब्ध आहे. एक जण अशानिंकांकडून केळ्यांचा घड घेतो, मग घरांत शिरून कुऱ्हाड आणि कपडे उचलतो, आणि फुनाईचा माणूस हातवारे करून 'नको, नको' म्हणत राहतो. कपड्यांनाच त्याचा सर्वात जास्त विरोध होता, कारण वापरलेल्या कपड्यातून आजार जातो. थोड्याच दिवसांत सात जणांना सर्दी-ताप झाला. डॉक्टर पोहोचले, उपचार झाले, लसी टोचल्या, बरे होईपर्यंत थांबण्यासाठी त्यांची समजूत घालता आली आणि ते वाचले. ही यशाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण त्याच नदीवरची फुनाईची शिनाने चौकी २०११ मध्ये पेरूतून आलेल्या सशस्त्र तस्करांच्या हल्ल्यानंतर रिकामी केली होती. आलेल्या माणसांनी दुभाष्यांना सांगितलं की त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांना बाहेरच्यांनी गोळ्या घातल्या होत्या. चौकी उठली आणि तीन वर्षांत ते बाहेर आले.

नियोजित संपर्क फुनाईने अलीकडेही केला आहे. २०१९ च्या मार्चमध्ये जावारीत ब्रुनो परेरा यांच्या नेतृत्वाखाली कोरुबोंच्या एका टोळीशी. तिथे कारण अटळ होतं. शेजारच्या मातिसांशी रक्तपात झाला होता आणि पुन्हा होणार अशी चिन्हं होती. पथकात आधी संपर्कात आलेले कोरुबो होते, टोळीतल्या लोकांचे ते हरवलेले नातेवाईकच. आरोग्य कर्मचारी होते, विलगीकरण पाळलं होतं. ३४ जणांशी भेट झाली आणि साथ आली नाही. नीट केलं तर होतं, हे यातून सिद्ध होतं. मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रुनो यांना फुनाईच्या अलिप्त जमातींच्या विभागाच्या प्रमुखपदावरून दूर केलं आणि पुढच्या वर्षी त्या विभागाच्या प्रमुखपदी सरकारने एक माजी मिशनरी आणून बसवला.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. हिल आणि वॉकर स्वतःच म्हणतात की पथकाने वर्षाहून अधिक काळ जागेवर राहिलं पाहिजे. वर्षभर पुरेल इतकी राजकीय इच्छा आणि पैसा कुठलं सरकार कबूल करतं आणि शब्द पाळतं? जे सरकार चार माणसांची चौकी टिकवू शकत नाही, ते डॉक्टरांचं पथक टिकवेल असं मानायला मला आधार सापडत नाही. आणि चौकी टिकवणारं सरकार असेल, तर संपर्काची गरज बहुतेक ठिकाणी उरतच नाही.

आणखी एक मुद्दा हिल मांडतात: हे लोक आवडीने नव्हे, भीतीने लपतात, संपर्कात आलेल्यांना विचारा, त्यांना कुऱ्हाडी, औषधं, सोयरीक हवीच होती. यातही तथ्य आहे. हिल यांनी पॅराग्वेत आचे लोकांबरोबर दीर्घकाळ काम केलं आहे, ते ऐकीव बोलत नाहीत. पण भीती कशाची ते पाहिलं पाहिजे. १८९४ मध्ये रबराचा व्यापारी कार्लोस फित्झकाराल्द याच्या माणसांनी पेरूच्या मानू नदीच्या वरच्या अंगाला माश्को लोकांची मोठी कत्तल केली. वाचलेले आत पळाले, आणि आजचे माश्को पिरो त्यांचेच वंशज मानले जातात. अनुभवातून आलेली भीती म्हणजे अज्ञान नव्हे, तो निर्णय आहे. आणि ते आपला नकार कळवतातही. वाटेवर आडवं मोडून टाकलेलं रोप, फुलीसारखे ठेवलेले बाण, रोंदोनियातल्या मासाको भागात पायवाटेत रोवलेले टोकदार खुंट. फुनाईचे जाणकार हेच वाचत चालतात. झोपडीची पानं किती वाळली यावरून मुक्काम किती जुना ते कळतं, झोपड्यांच्या आकारावरून माणसं मोजता येतात, मधासाठी पाडलेल्या झाडाच्या घावावरून लोखंडी कुऱ्हाड आहे की नाही ते समजतं. खूण ताजी असली की मागे फिरायचं.

राखण कशी दिसते, तर जावारी खोऱ्यात जा. सुमारे ८५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठा मुलूख, आणि इतुई-इताकुआई नद्यांच्या संगमावर एक तरंगती चौकी. ही जागा हुशारीने निवडली आहे, कारण दोन्ही नद्यांनी वर जायला तिथूनच जावं लागतं. पिरारुकू मासा आणि कासवं चोरून नेणाऱ्या टोळ्यांनी २०१८-१९ मध्ये या चौकीवर अनेकदा गोळीबार केला. ब्रुनो फुनाई सोडून युनिवाजा या आदिवासींच्या संघटनेबरोबर गस्त उभी करत होते, तेव्हा ५ जून २०२२ रोजी इताकुआई नदीवर त्यांची आणि पत्रकार डॉम फिलिप्स यांची हत्या झाली. आपल्या अंदमानातल्या सेंटिनल बेटावर हेच काम बरंचसं समुद्र करतो. परक्यांना मज्जाव करणाऱ्या १९५६ च्या नियमनाला तटरक्षक दलाची जोड पुरते. तिथल्याच जारवा जमातीच्या जंगलातून मात्र आपण अंदमान ट्रंक रोड नेला; १९९७ पासून ते रस्त्यावर येऊ लागले आणि १९९९ मध्ये गोवर आला.

आज सगळ्यात अवघड प्रश्न माश्को पिरोंचा आहे, कारण ते स्वतः काठावर येतात. बाहेरच्या जगाशी संपर्कात असलेल्या शेजारच्या यीने लोकांना त्यांची भाषा बरीचशी कळते. पेरूतल्या माद्रे दे दिओस प्रांतात नोमोले चौकीवरचे यीने रक्षक नदीपलीकडून हाका मारणाऱ्यांशी बोलतात, केळी आणि कसावा देतात, कपडे देत नाहीत. हा संपर्क आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण मला तो आजचा सर्वात शहाणा मधला मार्ग वाटतो. तो चालायचा तर चार गोष्टी लागतात: भाषा जाणणारे पगारी रक्षक बाराही महिने, त्यांच्या लसी वेळेवर, पंचक्रोशीतल्या गावांचं गोवर आणि फ्लूचं लसीकरण पूर्ण, आणि मागचं जंगल शाबूत. चौथी गोष्टच निसटते आहे. २००२ मध्ये राखीव क्षेत्र आखताना त्यांच्या मुलखाचा पूर्वेकडचा मोठा भाग बाहेर राहिला आणि तिथे लाकडाचे परवाने दिले गेले. २०१६ मध्ये हद्दवाढीची शिफारस झाली, पण ती तशीच पडून राहिली. जून २०२४ मध्ये मोंते साल्वादो गावाजवळच्या वाळूवर पन्नासहून जास्त माश्को पिरो दिसले, आणि त्याच वर्षी त्या भागात बाणांनी लाकूडतोडे मारले गेले. ते परवाने रद्द करायला ना मानववंशशास्त्रज्ञ लागतो ना लस. लिमातल्या मंत्रालयाची एक सही लागते.