दात काढण्याआधी

आर्वी भागात हलणारा दात म्हणजे गेलेला दात, असंच लोक धरून चालतात. बाजाराच्या दिवशी येतात आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणतात, "काढूनच टाका ना जी, तीनची बस हाय माही." मी हिरड्यांचा डॉक्टर. या घाईचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यातले काही दात वाचण्यासारखे असतात.

हिरडीच्या जुन्या आजारात दाताभोवतीचं हाड झिजतं. नुसती सफाई करून हिरडी शिवली तरी जखम भरते, पण भलत्याच पेशींनी. हिरडीच्या वरच्या थरातल्या पेशी भराभर वाढत मुळाच्या कडेनं खाली उतरतात आणि जागा अडवतात. दाताला हाडाशी बांधणारे तंतू तयार करणाऱ्या पेशींचा वेग कमी. त्या मागेच राहतात. मुळाशी आधी कोण पोचतं यावर जखम कशी भरणार ते ठरतं, असं मेल्चर या संशोधकानं १९७६ मध्ये मांडलं होतं. १९८२ मध्ये स्वीडनमध्ये निमन, लिंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या दाताजवळ बारीक छिद्रांच्या फिल्टरचा तुकडा बसवून हे करून दाखवलं. हिरडी बाहेर अडली, आतल्या पेशींना सवड मिळाली.

हिरडीला अडवणारे असे सुरुवातीचे पडदे विरघळत नसत. ते काढायला पुन्हा चिरावं लागे. आता कोलॅजनचा, म्हणजे जनावरांच्या अंगातल्या एका चिवट प्रथिनाचा, मेम्ब्रेन (पडदा) मिळतो. कोरडा असताना कडक असतो, सलाइनमध्ये भिजला की मऊ पडून मुळाला बिलगतो. हाडाच्या खड्ड्याच्या कडेपलीकडे दोन-तीन मिलिमीटर जाईल असा मी तो कातरतो.

हे कोलॅजन गाईचं, डुकराचं किंवा माशाचं असतं, आणि ते मी आधीच सांगतो. एका माळकरी काकूंनी ऐकताच हात जोडले, "नको रे बाबू, आमच्यात नाही चालत." मग त्यांच्याच रक्ताचा पडदा केला. फ्रान्सच्या शुक्रून यांनी २००१ मध्ये दिलेली ही पद्धत. रक्त न गोठू देणारं औषध नळीत घालायचं नाही, काढल्या काढल्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. मिनिटभर उशीरही महागात पडतो, म्हणून आमच्याकडच्या लाइटच्या भरवशावर न राहता मशीन इन्व्हर्टरवर ठेवलंय. खाली लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधे फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धाग्यांची, पिवळट गाठ. ती दाबली की पातळ, चिवट पडदा तयार. तो कोलॅजनपेक्षा लवकर विरतो, हेही मी काकूंना सांगितलं.

प्रत्येक दाताला हे जमत नाही. अरुंद, खोल, तीन बाजूंनी हाडाची भिंत असलेला खड्डा असेल तर आशा धरावी. सगळीकडून सारखं हाड उतरलं असेल तर पडद्याला आधारच उरत नाही. म्हणून आधी एक्सरे. हाड भरलं की नाही हे सहा महिन्यांनीच बघायचं, तोवर तिथे तपासणीची काडी घालायची नाही. आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडायला तयार नसलेल्याला मी मेम्ब्रेन लावत नाही. हिरडी भरत नाही आणि पैसे त्याचेच जातात.