किती दिवस टिकेल?

घरी केलेलं काहीही बरणीत भरून कुणाच्या हातात ठेवलं की आधी बरणी उजेडात धरून पाहिली जाते, मग झाकण उघडून वास घेतला जातो आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "किती दिवस टिकेल?" चवीचं विचारणारे नंतर. विकतच्या बाटलीला हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण तिच्या अंगावर उत्तर छापलेलंच असतं. माझं तर मत असं की ती बाटली मुळात त्या तारखेसाठीच बनवलेली असते. तारीख सांभाळून जेवढी जागा उरते, तेवढ्यात चव बसवायची.

लेबलं वाचायची मला खोड आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे खरा पदार्थ पहिल्या तीन-चार नावांतच संपतो. पुढे बारीक अक्षरांत स्टॅबिलायझर, इमल्सिफायर, अँटिऑक्सिडंट वगैरे मंडळी येतात. त्यांचं खाणाऱ्याशी फारसं देणंघेणं नसतं. ती गोदामासाठी, ट्रकसाठी आणि दुकानातल्या फळीसाठी असतात. यात फसवणूक काही नाही. सहा महिने वाट बघायची तर बंदोबस्त लागणारच. पण येत्या रविवारपर्यंत रिकामी होणाऱ्या बरणीला तो कशाला?

पीनट बटरचंच बघा. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. दाणे वाटले की ते सुटतं, आणि बरणी काही दिवस ठेवली की वर तरंगतं, खाली घट्ट लगदा बसतो. विकणाऱ्यांची ही मोठी डोकेदुखी होती. १९२०च्या दशकात अमेरिकेत जोसेफ रोझफील्ड यांनी त्यावर तोड काढली: तेलाचा थोडा भाग हायड्रोजनेट करायचा, म्हणजे त्याला हायड्रोजन वायू जोडायचा, की तो साध्या तापमानालाही घट्ट राहतो आणि बाकीचं तेल धरून ठेवतो. बाजारातल्या पीनट बटरचा तो गुळगुळीत, कधीही न बदलणारा पोत तिथून आला. घरच्या बरणीत यावरचा उपाय म्हणजे चमचा. ढवळायचं आणि खायचं.

करायला तर याहून सोपं काही नसेल. दाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजायचे, सालं चोळून काढायची, कोमट असतानाच मिक्सरमध्ये घालायचे. पुढची दहा मिनिटं मात्र धीराची. आधी कूट होतं. मग ते ओलसर होऊन भांड्याच्या कडांना चिकटतं. मग त्याचा एक हट्टी गोळा होतो, मिक्सर कण्हायला लागतो, आणि इथे बहुतेकांना वाटतं की बिघडलं, आता पाणी घालावं. पाणी अजिबात घालायचं नाही! पाण्याने ते सैल होण्याऐवजी आणखी आवळतं. भांडं निवू द्यायचं, कडा खरवडायच्या आणि पुन्हा फिरवायचं. एका क्षणी तो गोळा अचानक हार मानतो आणि चकचकीत होऊन वाहायला लागतो. बाहेरून काहीच घातलेलं नसतं, जे होतं ते दाण्यातच होतं. मीठ घातलं की झालं. मध शेवटी आणि जपून, कारण त्यातही पाणी असतं.

मेयोनीजमध्ये याच्या उलट खेळ आहे. तिथे तेल बाहेरून येतं आणि त्याला पाण्यात राहायला भाग पाडायचं असतं. अंड्याचा एक पिवळा बलक, चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, आणि मग थेंब थेंब तेल. बलकातलं लेसिथिन म्हणजे लग्नात दोन्ही पक्षांकडून बोलावणं असलेला माणूस, एक हात तेलाला आणि दुसरा पाण्याला. तेलाचा प्रत्येक थेंब फोडून बारीक करायचा आणि त्याच्याभोवती हे कडं करू द्यायचं. सुरुवातीला घाई केली तर कडं पुरत नाही, थेंब एकमेकांत मिसळतात आणि सगळं फाटतं. पण एकदा पकड बसली की बारीक धार सोडली तरी चालते. पुढे एक विचित्र गोष्ट घडते: पातळ तेल ओतत जावं तसं मिश्रण घट्ट होत जातं. अब्जावधी थेंब इतके दाटीवाटीने बसतात की कुणाला हलायला जागा राहत नाही. फाटलंच तर दुसऱ्या भांड्यात नवा बलक घेऊन त्यात फाटलेलं मिश्रण थेंबाथेंबाने फेटत घालायचं, सगळं पुन्हा जमून येतं. अंडं चालत नसेल तर दूध आणि हँड ब्लेंडर, नाहीतर काबुली चणे शिजवलेलं दाटसर पाणी, दोन्हींवर काम होतं.

"म्हणजे घरचं मेयोनीज पौष्टिक ना?" असं कुणी आशेने विचारतं. नाही हो. तीन-चतुर्थांशाच्या आसपास तेलच आहे ते, घरचं असो की दारचं. त्यातून कच्चं अंडं. पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूची शक्यता असते, म्हणून पाश्चराइज केलेली अंडी मिळत असतील तर ती घ्यावीत, आणि केलेलं लगेच फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावं. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी सरळ बिनअंड्याचं करावं. घरचं ते सगळं आपोआप निर्मळ, ही समजूत मला पटत नाही. स्वस्त पडतं हीही नाही.

सगळंच घरी करावं असंही नाही. टोमॅटो केचपपुढे मी हात जोडलेत. पातेलंभर टोमॅटो शिजवा, गाळा, तासन्‌तास आटवा, ओट्यावर लाल शिंतोडे उडवा, आणि हाती येते एक लहानशी बाटली. ती वाईट नसते, पण बाजारातलं केचपच डोक्यात 'केचप' म्हणून बसलेलं असतं. त्या बाजूच्या लोकांनी डोकंही खूप लावलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केचप टिकवायला सोडियम बेंझोएट घालायची पद्धत होती आणि त्यावर वाद पेटला होता. तेव्हा हाइन्झ कंपनीने पूर्ण पिकलेले टोमॅटो घेऊन, व्हिनेगर आणि साखर वाढवून बेंझोएटशिवायच ते टिकवून दाखवलं. म्हणजे आज आपल्याला केचपची म्हणून जी आंबटगोड चव माहीत आहे, तिच्यामागेही टिकवण्याचीच खटपट आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला चिप्स आणि पॉपकॉर्न. यांचं खरं आयुष्य अर्ध्या तासाचं, आणि ते अर्धा तास फक्त घरातच मिळतं. बटाट्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, चिप्समध्ये जेमतेम दोन टक्के. मधलं सगळं वाफ होऊन जातं आणि ते कानाने कळतं. काप तेलात पडले की कढई खळखळते, हळूहळू आवाज बारीक होतो, बुडबुडे विरळ होतात. आवाज थांबता थांबता काढायचे. पाणी संपलं म्हणजे कुरकुरीत झाले, रंगासाठी आणखी थांबलात तर करपतात. तळण्याआधी काप धुऊन वरचा स्टार्च घालवायचा आणि फडक्यावर कोरडे करायचे. फ्रिजमधले बटाटे यासाठी घेऊ नयेत. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि चिप्स आतून कच्चट असतानाच वरून काळपटतात. पाकिटवाले आत नायट्रोजन भरतात, तेल खवट होऊ नये म्हणून. घरी परातीभोवती माणसं बसलेली असतात, तेल खवट व्हायला वेळच मिळत नाही.

पॉपकॉर्नच्या दाण्यात साधारण चौदा टक्के ओलावा लागतो. सुमारे १८० अंश सेल्सियसला आतल्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या नऊपट होतो आणि टरफल फुटतं. जुने, सुकलेले दाणे म्हणूनच तळाशी गप्प बसून राहतात. त्यांच्यावर चमचाभर पाणी शिंपडून बरणी बंद करायची, मधूनमधून हलवायची. तीन-चार दिवसांत बरेचसे फुटायला तयार होतात.

एका बाबतीत मात्र कारखान्याशी बरोबरी करू नये. सोललेला लसूण किंवा ताजी पानं तेलात बुडवून बाटली ओट्यावर शोभेला ठेवायची, हे फोटोत छान दिसतं. पण तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा नाही, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना हवं असतं ते हेच. त्यांचं विष वासावरून ओळखू येत नाही. असं तेल थोडंच करावं, फ्रिजमध्ये ठेवावं, तीन-चार दिवसांत वापरून उरलेलं फेकावं. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या कांद्या-काकडीची गोष्ट वेगळी. तिथे आम्ल राखण करतं. तरी बरणी फ्रिजमध्येच ठेवावी.

आणि मग मोहरी, जी माझ्या सगळ्या म्हणण्याला खोटं पाडते. घरची मोहरीची पेस्ट फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने राहते, वर कसलंही संरक्षण न मागता. तिचा झणका हाच जंतूंना पुरून उरणारा. गंमत म्हणजे अख्ख्या दाण्यात तो झणका नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की त्यातलं मायरोसिनेज नावाचं एन्झाइम कामाला लागतं आणि नाकात जाणारं ते रसायन तेव्हा तयार होतं. पाणी गरम असेल तर एन्झाइम मरतं आणि मोहरी मिळमिळीत होते. म्हणून थंड पाण्यात फेसायची आणि दहाएक मिनिटं थांबायचं. झणका पुरेसा चढला असं वाटलं की व्हिनेगर घालून तिथेच रोखायचं. फार सौम्य हवी असेल तर व्हिनेगर आधीच घालावं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हीच करायला सांगते. पिवळी मोहरी सौम्य, तपकिरी तिखट, अर्धी-अर्धी घ्यावी. मिक्सरला विश्रांती देत देत वाटावी, म्हणजे भांडं तापत नाही. पहिल्या दिवशी चाखलीत तर कडू लागेल, मूळ कृतीत काही चुकलं असं समजून लगेच साखर ओतू नका. दोन दिवस फ्रिजमध्ये राहू द्या, कडवटपणा आपोआप उतरतो. मधबिध काय घालायचं ते त्यानंतर ठरवा.